हमी, हजेरीपट आणि अंदाजपत्रकाची कात्री

रोजगार हमीच्या कामांवर मी १९८४ ते १९९१ अशी सात वर्षे हजेरी सहाय्यक होतो. त्या काळात पैसा कमी पडला म्हणून काम बंद करा, असा लेखी आदेश माझ्या हाती एकदाही पडला नाही. तरीही कामे बंद पडत. मस्टर संपे आणि नवे मस्टर निघत नसे. तालुक्याला विचारावे तर आराखडा जिल्ह्याला गेला आहे असे सांगण्यात येई; जिल्ह्याला गेलेल्यांना कळे की तांत्रिक मंजुरी अजून व्हायची आहे. तोवर महिना सव्वा महिना उलटे आणि कामावरची माणसे ऊसतोडीची उचल घेऊन गाव सोडून जात. मग अहवालात लिहिले जाई, 'मजुरांची मागणी नाही.' तसे लिहिणाऱ्यांत मीही होतो.

हे सांगायचे कारण असे की सरकारी खर्चातील कपातीविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा आकड्यांची होते. अमुक हजार कोटींची तरतूद होती, ती तमुक झाली, एवढ्यावर ती थांबते. खताचे अनुदान कमी झाले तर शेतकऱ्याला ते दुकानात पोत्याच्या किमतीवरून कळते आणि तो ओरडतो. पाटबंधाऱ्याचा पैसा अडला तर आमदार विधानसभेत बोलतो. पण भूमिहीन मजुराच्या वाट्याची कपात त्याला कपात म्हणून कधी कळतच नाही. 'काम निघालं न्हाई' एवढ्या तीन शब्दांत ती त्याच्यापर्यंत पोचते. कायद्याने दिलेला हक्क कायद्याचा एक शब्दही न बदलता कसा काढून घेता येतो, हे रोजगार हमीच्या पन्नास वर्षांत जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसत असेल. या मजुरांत आपली माणसे मोठ्या संख्येने आहेत. म्हणून हा व्यवहार आपण मुळापासून समजून घेतला पाहिजे.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आमचे गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या माथ्यावर. माय रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाई आणि मी धाकट्या बहिणीला सांभाळत ढिगाशेजारी बसे. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळे आणि कामावर सुखडी वाटत. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती असे पुढे वाचनात आले. त्या ५० लाखांत केवळ महार-मांग, वंजारी, धनगर नव्हते. आमच्या कामावर पाटलाच्या घरातली सून पदर कपाळापर्यंत ओढून हातोडी मारत होती. पिण्याच्या पाण्याचे रांजण वेगळे होते आणि तिची टोळी वेगळी होती, हे खरे. पण मस्टर एकच होते आणि मजुरीचा दरही एकच होता. पुढच्या वर्षी पाऊस पडला. ती सून पुन्हा कधी कामावर दिसली नाही. माय मात्र पुढची अठरा वर्षे खडीवर, बांधबंदिस्तीवर आणि पाझर तलावाच्या मातीवर जात राहिली.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राला सुचला तो ज्यांच्याकडे जमीन होती त्यांनाही खडी फोडावी लागली त्या काळात. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची ही कल्पना आधीची, साठच्या दशकातली. तिचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु सत्तेवर असलेल्या बागाइतदार वर्गाने ती उचलून धरली, कारण दुष्काळाने त्याच्याच भाऊबंदांना कामावर आणले होते. भाऊबंद आपापल्या शेतावर परतल्यावर कामावर उरले ते भूमिहीन, आणि त्यांत दलित, आदिवासी व सर्व जातींतल्या परित्यक्ता आणि विधवा बाया. अशांसाठी केलेला खर्च 'अनुत्पादक' वाटू लागायला वेळ लागत नाही.

कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यातील एक मुद्दा वकिलांनाही पुरेसा उमगलेला दिसत नाही. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे, पण तो 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' या अटीसह आहे आणि न्यायालयात जाऊन बजावून घेता येणारा नाही. महाराष्ट्राच्या कायद्याने ही अट ओलांडली. ग्रामीण भागातील जो प्रौढ अंगमेहनतीचे काम मागेल त्याला पंधरा दिवसांत काम द्यायचे, न दिल्यास बेकारभत्ता द्यायचा, असे बंधन सरकारने स्वतःवर घालून घेतले. भत्ता तेव्हा दिवसाला एक रुपया होता. रक्कम हास्यास्पद होती. पण तिजोरीत किती आहे हे पाहून काम द्यायचे नाही, माणसे किती आली हे पाहून तिजोरीने पैसा उभा करायचा, हा उलटा क्रम कायद्याने प्रथमच मान्य केला होता.

तो पैसा कोठून यायचा हेही ठरवले होते. १९७५ चा व्यवसाय कराचा कायदा याच योजनेसाठी आणला. शहरातला पगारदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्यावर हा कर बसला. त्याच्या जोडीला इतर काही करांवर अधिभार बसले. आणि अशा तऱ्हेने जेवढी रक्कम जमेल तेवढीच सरकारने आपल्याकडून घालायची असे ठरले. शहराचा पैसा कायद्याने खेड्यातील भूमिहीनाकडे वळवण्याचा इतका सरळ मार्ग आपल्या देशात फारसा कोणी काढलेला नाही. मात्र कर आधी राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि तेथून विधिमंडळाच्या मंजुरीने रोजगार हमी निधीकडे वर्ग व्हायचा असतो. या 'वर्ग होण्या'तच सारी ग्यानबाची मेख आहे. वेगळा निधी म्हणून जे कागदावर आहे ते व्यवहारात अर्थखात्याच्या सवडीवर अवलंबून राहते.

मजुरीच्या दराची कथा याहून जुनी आहे. १८७७ मध्ये मुंबई इलाख्यात दुष्काळ असताना सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारचा खर्च आटोक्यात आणण्यासाठी दुष्काळी कामावरच्या मजुराची रोजी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणली. दख्खनमधील हजारो मजूर त्यावर कामे सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याबद्दल सरकारला निवेदने धाडली. किती अन्नावर माणूस माती वाहू शकतो याचा हिशेब तेव्हा अंदाजपत्रकाच्या बाजूने झाला. शंभर वर्षांनंतरही राजस्थान सरकार हाच युक्तिवाद करत होते: दुष्काळी काम हे मदतकार्य आहे, येथे किमान वेतन लागू नाही. १९८३ मध्ये संजित रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. अजमेर जिल्ह्यातील रस्त्याच्या कामावरच्या स्त्रियांचा, त्यांतही बहुतेक अनुसूचित जातींच्या स्त्रियांचा तो प्रश्न होता. किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणे म्हणजे घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने बंदी घातलेली वेठबिगार होय, असे न्यायालयाने सांगितले. ज्यांच्या वाडवडिलांनी वेठ केली त्यांना हा शब्द न्यायमूर्तींच्या तोंडून ऐकायला मिळावा, ही लहान गोष्ट नव्हती.

१९८८ मध्ये महाराष्ट्रात किमान वेतनाचे दर जवळजवळ दुप्पट झाले आणि रोजगार हमीची मजुरीही वाढली. आमच्या कामावर आनंद झाला, मलाही झाला. मजुरी वाढल्यावर कामावर येणाऱ्यांची संख्या वाढायला हवी होती. पुढच्या दोन वर्षांत राज्यभर ती झपाट्याने घटली. मार्टिन रावालियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थशास्त्रज्ञांनी या घटनेचा अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की मजुरी वाढल्याने वाढणारा खर्च रोखण्यासाठी कामाचे रेशनिंग झाले. हमी कायद्यात राहिली आणि व्यवहारात शिथिल झाली. त्यांनी जे आकड्यांवरून शोधले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून ते कसे झाले हे थोडे विस्ताराने सांगतो.

काम सुरू करायला किमान पन्नास मजुरांची मागणी लागे, असा नियम होता. १९८९ च्या उन्हाळ्यात आमच्या बाजूच्या वस्तीतून त्रेचाळीस जणांनी काम मागितले. सात कमी. शेजारच्या गावातून अकरा जण यायला तयार होते, पण त्यांची मागणी दुसऱ्या गावच्या यादीत, म्हणून दोन्ही याद्या अपुऱ्या ठरल्या. त्या याद्या एकत्र करता आल्या असत्या. नियमात तसे करू नये असे कोठेही नव्हते. माझ्या वरिष्ठांनी मला बाजूला घेऊन सांगितले की या महिन्यात नवे काम धरायचे नाही, तुम्ही मागणी तोंडी ऐका, लिहून घेऊ नका. लिहून घेतले की पंधरा दिवसांचे घड्याळ सुरू होते आणि भत्ता द्यावा लागतो. लिहिले नाही तर मागणीच झाली नाही. माझी नोकरी रोजंदारीची, कायम झालेली नव्हती. मी लिहून घेतले नाही. त्या त्रेचाळिसांत माझी मावशी होती. पुढे तिने मला कधी दोष दिला नाही. तिला वाटत होते की सरकारच्या घरी पैसा संपला असेल.

सरकारच्या घरी पैसा होता की नव्हता, हा प्रश्न तिने विचारायला हवा होता आणि त्याचे उत्तर मला ठाऊक असायला हवे होते. कपात इतकी खालपर्यंत अशीच पोचते. वरून कोणी 'नाही' म्हणत नाही. वरचा खालच्याला 'सावकाश घ्या' म्हणतो आणि सर्वांत खालचा, जो बहुधा आपल्यातलाच असतो, तो दारात आलेल्याला परत पाठवतो. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकाला आधार म्हणून मग त्याचाच कागद वापरला जातो: मागणी घटली, सबब तरतूद कमी पुरेल.

काम घटल्याने शेतीवर काय परिणाम होतो, याबद्दल आपल्याकडे एक सोयीचा गैरसमज आहे. रोजगार हमीमुळे शेतीला मजूर मिळत नाहीत, ती बंद केली तर शेती सुधारेल, असे जमीनमालक पन्नास वर्षे सांगत आले आहेत. मजूर मिळत नाही याचा अर्थ त्यांच्या दराने मिळत नाही, हे उघड आहे. गावापासून कोसाच्या आत सरकारी काम चालू असेल तर खुरपणीला गेलेली बाई 'एवढ्यात न्हाई जमायचं' असे म्हणू शकते. काम बंद असेल तर तिला तसे म्हणता येत नाही. आमच्या भागात याला आणखी एक बाजू आहे. पावसाळा संपला की मुकादम उचल वाटत फिरतो. एका कोयत्याची, म्हणजे नवराबायकोच्या जोडीची, उचल घेतली की साखर कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत ते कुटुंब बांधले गेले. लेकराची शाळा गेली. हिशेबात राहिलेली बाकी पुढच्या वर्षावर गेली. ज्या वर्षी दिवाळीआधी मस्टर निघे त्या वर्षी निदान काही घरे उचल नाकारत, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून मला नेहमी वाटते की बीडच्या माणसाच्या पाठीवर ऊस किती चढतो हे मुंबईच्या अंदाजपत्रकात ठरते.

यातून शेतीचे जे काम झाले ते कोणाच्या शेताचे झाले, हाही प्रश्न विचारला पाहिजे. पाझर तलाव बांधला की पाणी खालच्या विहिरींना उतरते. खालची काळी जमीन कोणाची, हे खेड्यातल्या कोणालाही विचारावे. आपल्या वाट्याला आलेली जमीन वरची, मुरमाड, किंवा दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहानंतरच्या काळात कसायला घेतलेले गायरान. देशात अनुसूचित जातींची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १६.६ टक्के, २०१५-१६ च्या कृषी गणनेत त्यांच्याकडे कसल्या जाणाऱ्या जमिनीचा वाटा साडेआठ टक्क्यांच्या आसपास. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागा लागल्या. आंबा, डाळिंब, बोर, सीताफळ यांनी कोरडवाहू महाराष्ट्राचे काही तालुके बदलून गेले, हे मी नाकारत नाही. पण फळबागेला सातबारा लागतो आणि सिंचन विहिरीला किमान ०.४० हेक्टर सलग जमीन लागते. गायरान कसणाऱ्याकडे कब्जा असतो, दंडाच्या पावत्या असतात, सातबारा नसतो. त्याला योजनेतून मिळते ती फक्त मजुरी. मजुरीचे काम आटले आणि विहिरींचे चालू राहिले तर योजनेचे नाव तेच राहून तिचा धनी बदलतो.

महाराष्ट्राच्या या अनुभवाचा देशाच्या कायद्याला आधार मिळाला. २००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, फेब्रुवारी २००६ मध्ये तो २०० जिल्ह्यांत आणि एप्रिल २००८ पासून सर्व ग्रामीण जिल्ह्यांत लागू झाला. कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी, आणि अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्राचा. आरंभीच्या २००६-०७ या वर्षात कामाच्या एकूण दिवसांपैकी २५ टक्के अनुसूचित जातींचे आणि ३६ टक्के अनुसूचित जमातींचे होते. पुढे स्त्रियांचा वाटा निम्म्याच्या वर गेला. पण २००९ मध्येच या कायद्याखालील मजुरी राज्यांच्या किमान वेतनापासून तोडण्यात आली, आणि १९८३ च्या निकालाने जे मिळाले होते ते बऱ्याच राज्यांत मागच्या दाराने गेले.

आता आकडे पाहू. ते थोडकेच, पण बोलके आहेत. २०२०-२१ साठी केंद्राने ६१,५०० कोटी रुपये ठेवले होते. टाळेबंदीत शहरांतून माणसे पायी गावाकडे आली, साडेसात कोटींच्या आसपास कुटुंबांनी काम केले आणि खर्च १ लाख ११ हजार कोटींवर गेला. पुढच्या वर्षी तरतूद ७३,००० कोटी. वर्षअखेर ती सुधारून ९८,००० करावी लागली. २०२२-२३ ला पुन्हा ७३,०००, सुधारित ८९,४००. एवढे होऊनही २०२३-२४ साठी ६०,००० कोटी ठेवण्यात आले, आणि ते वर्षअखेर ८६,००० वर न्यावे लागले. २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन्ही वर्षांना ८६,००० कोटीच. कोणी म्हणेल, शेवटी पैसा दिला ना? तेथेच फसगत आहे. वर्षाच्या आरंभी जी रक्कम मिळते तिच्यातून आधी मागील वर्षाची थकलेली देणी फेडावी लागतात. उरलेली रक्कम दिवाळीच्या सुमारास संपत येते. पुरवणी मागणी मंजूर होऊन पैसा येईतो खाली 'सावकाश घ्या' सुरू झालेले असते. १०० दिवसांची हमी असलेल्या कुटुंबाला सरासरीने मिळाले ते ५० दिवसांच्या आसपास. मजुरी पंधरा दिवसांत मिळायची ती दोन-दोन महिने येत नसे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की या उशिराची जबाबदारी केंद्राला राज्यांवर ढकलता येणार नाही.

हजेरी सहाय्यकाच्या जागी मग यंत्र आले. जानेवारी २०२३ पासून कामावरच्या मजुरांची हजेरी मोबाइलवरून दिवसातून दोनदा फोटो काढून लावणे सक्तीचे झाले; जानेवारी २०२४ पासून आधारशी जोडलेल्या खात्यावरच मजुरी देण्याची सक्ती झाली. भ्रष्टाचार थांबावा हे मलाही हवे आहे. खोटी मस्टरे मी भरपूर पाहिली आहेत. परंतु डोंगरावर रेंज नसली म्हणून माती वाहिलेली बाई गैरहजर ठरते, आणि तिचा तो दिवस कोणत्याही सरकारने कापला असे कोठे लिहिलेले नसते. २०२१ मध्ये मी निवृत्त झालो तेव्हापासून वस्तीतल्या लोकांचे नमुना ४ भरून देतो आणि नमुना ५ ची तारखेची पोच हट्टाने मागून घेतो. १९८९ चे ते घड्याळ सुरू करण्याचा हा माझा उशिराचा प्रयत्न आहे. पोच दहातल्या तिघांना मिळते.

याच २०२१ मधला एक प्रकार आपल्या वाचकांनी विसरू नये. त्या वर्षाच्या मार्चमध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने राज्यांना कळवले की २०२१-२२ पासून मजुरी अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर अशा तीन वेगळ्या हिशेबांतून द्यावी. कारण काय, तर अनुसूचित जातींसाठीच्या उपयोजनेत किती पैसा गेला हे अंदाजपत्रकाच्या शीर्षांत दाखवता यावे. दिल्लीतल्या कारकुनाला ही निव्वळ हिशेबाची सोय वाटली असेल. कामावर त्याचा अर्थ असा झाला की एकाच खड्ड्यात खणणाऱ्या दोघांपैकी एकाच्या खात्यावर पैसे आधी आणि दुसऱ्याच्या मागून. सरकार जात पाहून पैसे देते, अशी कुजबुज सुरू झाली; ठिकठिकाणी तंटे झाले. वर्ष संपण्याच्या आत ही पद्धत मागे घेण्यात आली. माझ्या मायच्या वेळी रांजण वेगळे होते आणि मस्टर एक होते. येथे रांजणाचे काम मस्टरनेच केले. आणि गंमत अशी की उपयोजनेचा हक्काचा पैसा वेगळा खर्च होण्याऐवजी, जी मजुरी आमच्या माणसांना कायद्याने मिळायचीच होती, तीच उपयोजनेच्या खात्यावर दाखवली जात होती.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. त्याचे नाव लांबलचक आहे. आपल्याला त्यातल्या तीन कलमांशी कर्तव्य आहे. हमीचे दिवस १०० वरून १२५ केले, हे पहिले, आणि जाहिरात याचीच झाली. दुसरे असे की मजुरीचा सगळा भार केंद्राकडे होता तो बहुतेक राज्यांसाठी ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य असा विभागला. शिवाय प्रत्येक राज्याला किती रक्कम हे केंद्र ठरवणार आणि त्यापलीकडचा खर्च राज्याने सोसायचा. तिसरे, पेरणी आणि सुगीच्या काळात वर्षातून एकूण ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद.

दुसऱ्या कलमाचा अर्थ कळायला बाबासाहेबांचा एक ग्रंथ उपयोगी पडतो. तो आपल्याकडे कपाटात असतो, पण वाचला जात नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी १८७१ ची लॉर्ड मेयो यांची व्यवस्था तपासली आहे. तुरुंग, पोलीस, शिक्षण, दवाखाने, रस्ते ही खाती प्रांतांकडे सोपवली आणि त्यांच्या खर्चासाठी एक ठरावीक रक्कम नेमून दिली. नेमलेली रक्कम आधीच्या खर्चाहून कमी होती. तूट प्रांतांनी स्थानिक कर बसवून भरायची होती. १८५७ नंतर तुटीत गेलेल्या मध्यवर्ती तिजोरीचा भार हलका करण्याचा तो मार्ग होता, असे बाबासाहेबांनी दाखवले आहे. जबाबदारी खाली ढकलायची, पैसा मोजून द्यायचा आणि त्याला अधिकारांचे विकेंद्रीकरण म्हणायचे, ही युक्ती दीडशे वर्षांची आहे. मागणीप्रमाणे पैसा हा क्रम जाऊन पैशाप्रमाणे मागणी हा क्रम आता कायद्यातच बसला. ज्या राज्याची तिजोरी दुबळी, तेथे मजूर अधिक आणि ४० टक्के भरण्याची ऐपत कमी. १२५ दिवस कागदावर राहतील आणि माझ्यासारखा कोणी हजेरी लावणारा पुन्हा 'मागणी नाही' असे लिहील.

तिसऱ्या कलमाविषयी मला अधिक बोलायचे होते, पण खेड्यात वाढलेल्या वाचकाला त्याची फोड करून सांगावी लागणार नाही. वर्षात ज्या दोन महिन्यांत मजुराच्या हातांना भाव येतो, नेमक्या त्याच दोन महिन्यांत त्याचा दुसरा दरवाजा कायद्याने बंद करता येईल. आमच्या वेळी हे काम तालुक्याचा पुढारी फोन करून करवून घेत असे. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात शेती हा राज्याचा उद्योग करावा आणि जमीन जातिभेद न करता गावकऱ्यांना अशी द्यावी की जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरू नयेत, अशी मागणी केली होती. त्या मागणीपासून आपण रोजगार हमीपर्यंत उतरलो, हीच मोठी तडजोड होती. आता त्या तडजोडीतही मालकाच्या हंगामाची सोय पाहिली जात आहे.

या त्रैमासिकाचे वर्गणीदार बहुतेक शिक्षक, प्राध्यापक, कारकून, बँकेतले नोकर आहेत, हे मला माहीत आहे. मीही तीस वर्षे शिक्षक होतो. आपल्या पगारपत्रकावर व्यवसाय कराचा रकाना असतो. बहुतेकांच्या पगारातून महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये जातात, वर्षाला २,५००. हा कर कशासाठी सुरू झाला हे मी माझ्या शाळेतल्या सहकाऱ्यांना विचारले तेव्हा अकरापैकी एकालाही सांगता आले नाही, आणि त्यांतल्या चौघांच्या आया रोजगार हमीच्या मस्टरवर अंगठा उठवून आलेल्या होत्या. राज्याच्या त्या निधीत दरवर्षी व्यवसाय कराचे किती जमले, त्यातले किती वर्ग झाले, सरकारने आपल्या बाजूने किती घातले आणि त्यातले मजुरीवर किती गेले, ही चार उत्तरे माहितीच्या अधिकारात मिळू शकतात. अर्जाला दहा रुपये लागतात. मी गेल्या महिन्यात अर्ज केला आहे. उत्तर आले की याच पानांवर देईन. आपापल्या जिल्ह्यात कोणी केला तर मला कळवावे.